पुढच्या गाडीची जागा

१

रविवारी सकाळचा चहा झाला की सर शेडवर जात आणि गाड्यांची कूस बदलत. कूस बदलणं हा त्यांचाच शब्द. उभी गाडी म्हणजे अंथरुणाला खिळलेलं माणूस, असं त्यांचं म्हणणं. एकाच अंगावर पडून राहिलं की जखमा व्हायच्याच. म्हणून ते प्रत्येक गाडीचा प्लग काढत, आत चमचाभर तेल सोडत आणि किक पायाने न मारता हाताने सावकाश खाली दाबत. आतला दट्ट्या एकदा वर जाई, एकदा खाली येई. प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा बाहेर पडे. मग प्लग पुन्हा बसवायचा, चाकं अर्धा फेरा फिरवायची, म्हणजे टायर एका जागी बसत नाही, आणि शेजारच्या गाडीकडे वळायचं. गाडी चालू करायची नाही. चालू करायचा दिवस वेगळा, आणि त्याला मुलगा घरी आलेला हवा.

शेड घरासमोरच होती, गल्ली ओलांडली की. पूर्वी तिथे छापखाना होता. यंत्रं केव्हाच गेली, पण हवा दमट झाली की भिंतींना अजून शाईचा वास सुटे. वर पत्रे, उंचावर जाळीच्या खिडक्या, पुढे रुळावर सरकणारं लोखंडी दार. आत एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून, जुन्या मोटरसायकली उभ्या. प्रत्येकीखाली लाकडी फळी, फळीवर पत्र्याचा ट्रे, आणि गाडीवर सरांच्या घरातली जुनी चादर.

"आमच्या अंथरुणाला ठिगळं," काकू म्हणायच्या, "आणि या भवान्या मात्र फुलाफुलांच्या चादरींत!"

काकू म्हणजे सरांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे, आणि सरांना सर. कारण सर कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. इतरांच्या विधानांतल्या चुका काढता काढता त्यांना एक खोड जडली होती. स्वतःच्या कुठल्याच विधानावर त्यांचा विश्वास बसत नसे. शेडला कुलूप लावलं तरी रस्ता ओलांडून परत जायचं आणि ओढून बघायचं.

"तुमची ती पदवी दाखवा त्या कुलपाला," काकू खिडकीतून ओरडायच्या. "त्याला तरी पटतंय का बघा!"

ट्रे कशासाठी, तर तेलासाठी. जुनी गाडी गळायचीच. कुठून गळते, किती गळते, यावरून तिची प्रकृती कळते. म्हैस नावाची अवजड काळी गाडी पोटाखाली मधोमध एकच मोठा थेंब टाकायची. नणंद नावाची हलकी तांबडी गाडी डाव्या अंगाला बारीक ठिपके मारायची. तिला हे नाव मुलाने दिलं होतं. टोचल्याशिवाय बोलत नाही आणि बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून. सर ट्रे बघत, पुसत, आणि वैद्याने नाडी सोडावी तसे पुढे सरकत.

म्हैस आणि नणंद यांच्या मध्ये एक जागा मोकळी होती. फळी टाकलेली, ट्रे मांडलेला, गाडी नाही. हा बापलेकांचा रिवाज. एक गाडी कुणाला दिली किंवा बदलून घेतली, की तिची जागा भरायची नाही. पुढच्या गाडीसाठी मांडून ठेवायची. "जागा केली की गाडी येते," असं मुलगा म्हणायचा, आणि आजवर ती आली होती. सर हसत. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे ते पहिल्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात शिकवत आले होते. पण ट्रे मात्र स्वतःच्या हाताने नीट मधोमध ठेवत.

त्या रविवारी त्यांनी म्हशीचा ट्रे पुसला, एक पाऊल सरकले, सवयीने रिकाम्या जागेचाही ट्रे उचलला, पुसला, आणि नणंदेपाशी गेले. तिचा प्लग काढून झाल्यावर त्यांना हातातल्या फडक्याकडे पाहायचं सुचलं.

रिकामा ट्रे पुसायचं काही कारण नव्हतं. आणि फडकं मात्र काळं झालं होतं.

२

"उंदीर," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. अवघड काम निघालं की तो यायचा आणि कामापेक्षा जास्त बोलायचा.

"उंदीर तेल गाळतो?"

"म्हशीखालचं तेल पायाला लावून इकडे फिरला असेल, सर. तुमच्या शेडमधले उंदीर पण शिकलेले."

सरांनी ट्रेकडे बोट दाखवलं. पायाला लागलेल्या तेलाचे ठसे उमटतात. हे थेंब होते. एक मोठा, मागे, उजवीकडे. आणि एक लहान, त्याच्या पुढे, वीतभर डावीकडे. पुसल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मिस्त्रीने बोट बुडवून वास घेतला, अंगठ्यावर घोळवलं.

"जळकं आहे हे. रोज चालणाऱ्या गाडीचं. तुमच्या या म्हाताऱ्यांपैकी कुणाचं नाही." मग तो डोळे मिचकावून म्हणाला, "खरं सांगा, काकूंच्या चोरून नवी कुठली आणलीय?"

"कुठे दिसतेय?"

"तेच म्हणतोय. फारच चोरून आणलीय."

तो हसत निघून गेला. सर छताकडे बघत राहिले. वरून गळत असेल? पत्रे कोरडे होते, आणि पत्र्यातून इंजिनाचं तेल गळत नाही. कुणी खोडी काढत असेल? किल्ली एकच, तीही त्यांच्या खिशात. राहता राहिलं त्यांचं स्वतःचं डोकं. आपणच दुपारी येऊन काहीतरी करून जातो आणि विसरतो, असं असेल का? ही शक्यता त्यांना सगळ्यांत वाजवी वाटली आणि सगळ्यांत जास्त तिचीच भीती वाटली. काकूंना त्यांनी सांगितलं नाही.

३

मुलाचा फोन जेवणाच्या वेळी आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता. एकुलता एक, तिशी ओलांडलेला, आणि घरात अजून ठोंब्या.

"बाबा, बसलाय ना? बसूनच ऐका. गाडी मिळाली."

"कुठली गाडी?"

"ती सांगणार नाही. आणतोच. घाटाच्या पलीकडे एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात होती. रोज दुधाच्या किटल्या वाहतोय बिचारा तिच्यावर. मी म्हटलं होतं ना, जागा केली की येते?"

काकूंनी फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. "आधी माणसांची जागा कर म्हणावं. सून कुठे उभी करायची, त्या म्हशीशेजारी?"

"आई, तिलाही ट्रे लागेल का गं?"

"वाह्यात!" काकू म्हणाल्या, आणि हसू लपवायला भाताकडे वळल्या.

सरांचा घास हातातच राहिला होता. रोज चालणारी गाडी. त्यांनी विचारलं, "कधी ठरला हा व्यवहार?"

"आत्ताच. तासाभरापूर्वी तर ती पहिल्यांदा पाहिली मी. का?"

"काही नाही," सर म्हणाले. "फोटो पाठव. खालून पाठव."

"खालून?"

"जमिनीचा. ती उभी असते तिथल्या जमिनीचा."

मग मुलगा आईला म्हणाला, "बाबांचं वेगळंच असतं गं."

फोटो आला. गोठ्याची शेणाने सारवलेली जमीन, वर गाडीच्या पोटाचा काळा भाग, आणि खाली दोन डाग. एक मोठा, मागे, उजवीकडे. एक लहान, त्याच्या पुढे, वीतभर डावीकडे.

४

सरांनी स्वतःला बजावलं की घाई करायची नाही. दोन डाग दोन डागांसारखे दिसणं यात काही नवल नाही. त्या काळच्या निम्म्या गाड्या त्याच दोन ठिकाणी गळतात. खरा प्रश्न एकच होता, रिकाम्या ट्रेमध्ये तेल येतं कुठून. आणि प्रश्न असा असला की माणसाने बसून बघावं.

ते खुर्ची घेऊन शेडमध्ये बसले. भर दुपार होती. दार सताड उघडं, गल्लीत सायकलची घंटा, कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या. म्हैस आणि नणंद चादरी पांघरून गप्प. मधली फळी रिकामी, आणि ट्रे पुसून लख्ख केलेला.

बराच वेळ काही झालं नाही. सरांना हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. कारण मग स्वतःच्या डोक्याचीच शक्यता उरत होती. ते उठणार तेवढ्यात ट्रेच्या पत्र्यावर टप् असं वाजलं.

ट्रेमध्ये थेंब होता. पडून सपाट झालेला, कडेने अजून हलत असलेला.

त्यांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. ते गुडघ्यावर बसले आणि हात पुढे करून तळवा ट्रेच्या वर धरला, गाडीचं पोट जिथे असतं त्याच्या जरा खाली. शिकवताना ते सांगायचे की निरीक्षकाने निरीक्षणात हात घालू नये. तळव्याला ऊब लागत होती. चुलीपासून दूर बसल्यावर लागते तेवढीच, पण लागत होती. आणि त्या उबेतून बारीक आवाज येत होता, लांबून येऊन थांबलेल्या इंजिनाचं लोखंड निवताना करतं तसा. टिक्. मग थोडं थांबून, टिक्.

थेंब तळव्याच्या मधोमध पडला. गरम होता.

सरांनी हात मागे घेतला नाही. घेता आला नाही. तेल रेषांमधून पसरत गेलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की नणंदेचं हँडल आज उजवीकडे वळलेलं आहे. ते नेहमी सरळ ठेवत. शेजारी दुसरी गाडी आत घ्यायची असली की अडचण होऊ नये म्हणून तसं वळवतात.

५

"ट्रकमध्ये घालून आण," सर फोनवर म्हणाले.

"बाबा, ट्रकमध्येच घालायची तर मग फोटो फ्रेम करून भिंतीला लावू ना. चालत येईल ती. रोज चालतेय."

"घाट आहे."

"घाट तुम्हीच शिकवलात मला. ब्रेकवर नाही, गिअरवर उतरायचं."

"तेव्हा तू माझ्या मागे बसला होतास."

"आता तुम्ही घरी बसा. शनिवारी दुपारच्या चहाला पोचतो. आईला सांगा काहीतरी चांगलं कर."

सरांना सांगायचं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण ते मनातल्या मनात म्हणून बघितले आणि त्यांनाच लाज वाटली. तुझी गाडी इथे आधीच येऊन उभी आहे. ती दिसत नाही. मला भीती वाटते की ती येऊन पोचली याचा अर्थ तू... इथे वाक्य अडत होतं. त्या वाक्याला पुढे काय लावायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असं अर्धं वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारली असती.

"ठोंब्या," ते म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून."

"काय झालंय बाबा? बरं नाही का?"

"तसं काही नाही."

"मग झालं तर," मुलगा प्रेमाने म्हणाला. "तुमच्यासाठीच तर आणतोय."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. हात कणकेचे. "रोज दुपारी त्या शेडमध्ये काय बघत बसता?"

"काही नाही गं. गळतंय कुठेतरी."

"तोंड बघा आरशात. त्या गाडीपेक्षा तुम्हीच जास्त गळालात." त्या जवळ आल्या, त्यांचा तळहात उलटा करून पाहिला. साबणाने कितीदा धुतला तरी रेषा काळ्याच राहिल्या होत्या. काकूंचा आवाज उतरला. "मला सांगा. मी हसणार नाही."

सरांनी सांगितलं. थेंब, ऊब, हँडल, सगळं. काकू हसल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्या त्यांच्याकडे तशा बघत राहिल्या, जसं आपलं माणूस कुठल्यातरी स्टेशनवर चुकीच्या गाडीत बसलंय आणि गाडी सुटलीय.

"त्याला येऊ दे शनिवारी," त्या शेवटी म्हणाल्या. "मग आपण तिघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. नुसतं विचारायला."

६

शनिवारी सकाळी मुलाने निघताना निरोप पाठवला. हेल्मेट घातलेला त्याचा चेहरा, मागे डोंगर, अंगठा वर. काकूंनी तो फोटो सरांना दाखवला आणि स्वयंपाकाला लागल्या.

सर रस्ता ओलांडून शेडवर गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं. ट्रे बघायचा नाही असंही ठरवलं होतं.

ट्रेमध्ये आता तीन डाग होते. दोन ओळखीचे. तिसरा ट्रेच्या काठावर, डाव्या अंगाला, स्वाराचा पाय असतो त्याच्या खाली. तो पसरून फळीच्या लाकडात मुरायला लागला होता. तिसरा डाग तेलाचा नव्हता. सरांनी तो फडक्याने टिपला, फडक्याकडे पाहिलं, आणि वास न घेता ते कोपऱ्यात फेकलं.

मग त्यांनी फोन लावला. रिंग जात राहिली. गाडीवर असताना खिशातला फोन ऐकू येत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा. दारातून घराची खिडकी दिसत होती, खिडकीत काकूंची पाठ. कुकरची शिट्टी झाली. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मधल्या त्या फळीकडे पाठ करून घरी निघून जावं, हात धुवावे आणि चहाच्या वेळेची वाट बघावी, असं त्यांना मनापासून वाटलं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पण जागा केली की गाडी येते.

मग जागाच मोडली तर?

हा विचार आला आणि सरांमधला मास्तर लगेच उठून उभा राहिला. पाऊस पडला की अंगण ओलं होतं; म्हणून पाऊस नसला की अंगण कोरडंच असेल, असं म्हणता येत नाही. कुणी बादली ओतली असेल. हीच चूक किती पोरांच्या पेपरात त्यांनी दाखवून दिली होती! जागा केली की गाडी येते हे खरं मानलं, तरी जागा मोडली की ती येणार नाही हे त्यातून निघत नाही. निघत नाही, निघत नाही, असं पुटपुटत त्यांनी नणंदेवरची चादर ओढून काढली. तर्काने काय निघतं ते नंतर बघू. जागा भरलेली असली की गाडी वाटेतच कुठेतरी बंद पडेल. प्लग जाईल, चेन तुटेल. ठोंब्या शिव्या घालत एसटीने घरी येईल. इतकंच तर हवंय. चहाला उशीर झाला तर होऊ दे.

नणंद हलकी असली तरी लोखंडच. तिला स्टँडवरून उतरवताना सरांच्या कमरेत कळ आली. त्यांनी ती मागे ओढली, ओळीबाहेर काढली, वळवली, आणि मधल्या जागेच्या तोंडाशी आणली. ट्रे पायाने बाजूला सारला. मग हँडल धरून, छाती लावून, ते तिला आत ढकलायला लागले.

फळीवर चढेपर्यंत ती नीट गेली. मग अडली.

पुढे काही नव्हतं. फळी होती, फळीच्या पलीकडे भिंत. मधे ऊन पडलं होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. पण नणंदेचं पुढचं चाक कशाला तरी टेकलं होतं. दगडाला नाही. दगडाला टेकलं की हाताला धक्का बसतो. हे मऊ होतं. टायरला टायर लागलं की हातात जसं येतं तसं. ढकललं की जरा दबत होतं आणि पुन्हा ढकलून देत होतं.

"नाही," सर म्हणाले. "इथे नाही. इथे जागा नाही."

त्यांनी सगळा जोर लावला.

पुढचं जे काही होतं ते हललं. टायर वीतभर पुढे फिरला, आणि सरांना आवाज ऐकू आला. खट्ट. हा आवाज ते झोपेतही ओळखतील. साइड स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीला मागून कधी ढकलू नये, ही पहिली गोष्ट त्यांनी मुलाला शिकवली होती, तो पुरता त्यांच्या कमरेएवढाही नव्हता तेव्हा. मागून ढकललं की स्टँड मिटतो. स्टँड मिटला की गाडीला कुणी धरू शकत नाही.

७

ती पडली. डाव्या अंगावर, पूर्ण वजनाने. पत्रे थरथरले. काच फुटल्याचा आवाज झाला, पण जमिनीवर काच आली नाही. पेट्रोलचा वास एकदम नाकात भरला, आणि त्यात तापलेल्या डांबराचा, आणि ठेचलेल्या गवताचा. शेडमध्ये गवत नव्हतं.

नंतर शांत झालं. पूर्ण नाही. एक चाक फिरत होतं. गाडी आडवी झाल्यावर जमिनीला न टेकलेलं चाक उगाच फिरत राहतं, तसं, हवेत, सरांच्या गुडघ्याच्या उंचीवर. दिसत काही नव्हतं. चेन सुरसुरत होती, सावकाश, अजून सावकाश.

सरांनी नणंद सोडून दिली. ती म्हशीवर कलंडली आणि तशीच राहिली. ते फळीवर गुडघे टेकून रिकाम्या हवेत चाचपडायला लागले. पडलेली गाडी कशी उचलायची ते त्यांना ठाऊक होतं. बाकी काही ठाऊक नव्हतं, पण तेवढं होतं. वाकायचं, खालच्या बाजूची मूठ धरायची, सीटला कंबर लावायची, आणि पाठीने नाही, पायांनी उचलायचं. आधी मूठ सापडली पाहिजे. जमिनीलगत, डावीकडे. त्यांनी हात घातला.

मूठ सापडली. रबरी, खरबरीत, गरम. मात्र त्या मुठीवर आधीच एक हात होता.

सरांनी तो ओळखला. डोळे मिटून ओळखला असता. त्यांनी त्याच्याभोवती बोटं आवळली, मुठीसकट, आणि हलले नाहीत. चाक थांबत आलं होतं. ते थांबेपर्यंत तरी, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुढे काय ते आलं नाही.

"अहो! काय पाडलंत?" काकू दारात उभ्या होत्या, धापा टाकत, हातात फोन. "घरापर्यंत आवाज आला. लागलं नाही ना कुठे? आणि हा फोन उचलत नाहीये. मघाशी रिंग तरी जात होती, आता तीही जात नाही. घाटात रेंज नसते म्हणा, पण... असे काय वाकून बसलात? अहो?"

"ये," सर म्हणाले.

"काय धरलंय तुम्ही?"

"ये इकडे. म्हशीकडून नको, या बाजूने. हळू ये."

त्यांचा आवाज काकूंनी कधी ऐकला नव्हता असा होता. त्या आल्या. वाटेतला ट्रे ओलांडून, नवऱ्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

"आपण घरी जाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "सोडा ते. काय असेल ते सोडा."

"माझ्याने एकट्याने होणार नाही. तू धर. माझ्या हाताच्या वर, मनगटाशी."

"कुणाच्या मनगटाशी?"

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग, वेड्याची समजूत काढायला म्हणून, रिकाम्या फळीवर त्यांनी आपला हात पुढे केला.

तो अर्ध्यावरच थांबला. बोटं मिटली, कशाच्या तरी भोवती, पूर्ण मिटता येईनात अशी. काकूंनी खाली पाहिलं. तिथे ऊन होतं आणि लाकडाच्या रेषा होत्या. त्यांचा दुसरा हात, ज्यात फोन होता, तो आपोआप खाली आला, फोन कुठेतरी पडला, आणि तो हातही पुढे गेला. मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून खांद्यापर्यंत, पाळण्यातल्या पोराचं अंग चाचपावं तसा, भराभर. खांद्याच्या पुढे गेल्यावर तो थांबला.

चेनचा आवाज बंद झाला होता.

"अहो," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, ताप बघताना असतो तसा. "हा गार पडत चाललाय."